तिसऱ्या चौकटीतला चेहरा

पोस्टर उलगडलं तेव्हा राबहला आधी वाटलं, छापखान्यातली शाई संपली असावी.

बैठकीच्या खोलीत त्याच्या थोरल्या भावाने, लाईदने, पोस्टरचं एक टोक धरलं होतं आणि दुसरं सी बुजमाने. सी बुजमा, म्हणजे बुजमासाहेब, पक्षाचा जिल्हा सचिव. सकाळपासून तिसऱ्यांदा कॉफी पीत बसला होता आणि समोरच्या बशीतले मकरूट, खजूर भरलेल्या मधातल्या वड्या, हिशोबाने कमी करत होता. पोस्टरवर पहिल्या चौकटीत जिल्ह्याच्या गावचा ठेकेदार होता, टाय लावून. दुसऱ्या चौकटीत खुद्द लाईद, मिशीला ताजा कलप. आणि तिसऱ्या चौकटीत बायकांचा डोक्याचा रुमाल होता, हनुवटीखाली नीट पिन लावलेला, पण रुमालाच्या आत नुसता पांढरा कागद. नाक नाही, डोळे नाहीत. खाली लिहिलं होतं, झुलीखा, राबहची पत्नी.

"हिचं तोंड कुठाय?" राबहने विचारलं.

"घरी," लाईद म्हणाला. "जिथे असायला हवं तिथे."

आता आमच्या ऐन तुफाह गावात राहणाऱ्या कुणालाही सांगा, या वाक्यावर तो आधी हसेल. झुलीखा आमच्या दवाखान्यातली सुईण. तिशीच्या आतल्या निम्म्या गावाने या जगात आल्यावर सगळ्यात आधी जे तोंड पाहिलं ते तिचं. ज्यांना तिने पायाला धरून उलटं केलं, पाठीवर चापट मारून रडवलं, तेच आता मतदार झाले होते. अशा बाईचा चेहरा झाकून ठेवण्यात काय अब्रू वाचणार होती, ते लाईदलाच ठाऊक. पण लाईदचं हार्डवेअरचं दुकान चौकात, चौकात म्हातारे बसतात, आणि म्हाताऱ्यांना तोंड असतं.

"पोरं मिशा काढतील तिला," लाईद म्हणाला. "येणारा-जाणारा तंबाखू थुंकेल. आपल्या घरची बाई आहे, राबह."

"तुझ्या फोटोवर थुंकणार नाहीत?"

"मी पुरुष आहे. माझ्यावर थुंकले तर पुसता येतं."

राबह गणिताचा मास्तर. भांडण आलं की डोक्यात पाढे म्हणायची त्याला सवय होती. तेराचा पाढा संपेपर्यंत सी बुजमाने पोस्टर गुंडाळलं, त्याला शेजारी बसवलं आणि गुडघ्यावर हात ठेवला. असा हात आला की काहीतरी मागणं येतं, हे राबहला स्वतःचं लग्न ठरताना कळलं होतं.

"तू हिशोबाचा माणूस," सी बुजमा म्हणाला, "म्हणून तुलाच सांगतो. लोक अख्ख्या यादीला मत देतात. आपल्या यादीला दोन जागा येतील. देवाने डोळेझाक केली तरच तिसरी. पहिली जागा ठेकेदाराची. दुसरी कुणाची?"

"लाईदची. तो दोन नंबरला आहे."

"तसं असतं तर मी इथे कशाला आलो असतो? कायदा म्हणतो, दोन आल्या तर एक बाईची. म्हणजे लाईदच्या डोक्यावरून उडी मारून जागा जाते तीन नंबरला."

"म्हणजे झुलीखा खासदार."

लाईद पडद्याची झालर मोजल्यासारखी बघत होता.

"महिनाभर," सी बुजमा म्हणाला. "मग तिची तब्येत बिघडेल."

"तिला काय झालंय?"

"अजून काही नाही. महिन्याने होईल. ती राजीनामा देईल, जागा लाईदकडे येईल. नियमांचं काय ते पक्ष बघतो. म्हणून तर एकाच घरातले दोघं घेतले आम्ही. जागा घरातल्या घरात राहते, बाहेरची बाई असती तर तिला कोण समजावत बसलं असतं?"

"आणि हिला कोण समजावणार?"

दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. राबहने सतराचा पाढा सुरू केला.

अंगणात तेव्हा गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका जमल्या होत्या. लाईदच्या धाकट्या लेकीचं, सिहामचं, लग्न तोंडावर आलं होतं आणि लग्नाच्या जेवणाचा कुसकुस, रव्याचे बारीक दाणे, वळायचा दिवस होता. आमच्याकडे हे काम घरच्यांनी एकट्याने करायचं नसतं. जिला चाळणी आहे ती चाळणी घेऊन येते, जिला नाही ती हात घेऊन येते. मोठमोठ्या लाकडी पराती, रव्यावर पाण्याचा शिडकावा, तळव्याने गोल गोल फिरवायचं, चाळायचं, पुन्हा फिरवायचं. हात कामात असतात, तोंडं रिकामी. निवडणुकीच्या दिवसांत एवढे मतदार एका जागी बसलेले बघून दुसऱ्या कुठल्या पक्षाच्या माणसाने आनंदाने सदरा फाडला असता. आमचा माणूस आतल्या खोलीत मकरूट खात बसला होता.

मधल्या परातीशी हजला जाऊन आलेली हाज्जा यमीना, लाईद आणि राबहची आई. तिच्या उजवीकडे थोरली सून अल्जिया, डावीकडे धाकटी झुलीखा. यादी जाहीर झाल्यापासून या दोन जावा एकमेकींशी "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच बोलत होत्या. अल्जियाचं दुःख अगदी साधं होतं. नवरा खासदार झाला की राजधानीत फ्लॅट मिळतो, आणि फ्लॅटला समुद्राकडे बाल्कनी असते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. त्या बाल्कनीत कुठली खुर्ची ठेवायची इथपर्यंत तिचं ठरलं होतं. मग पोस्टऑफिसातल्या बाईने तिला कायद्याचं गणित समजावलं, आणि खुर्चीवर झुलीखा बसलेली दिसायला लागली.

राबह अंगणाच्या दाराशी आला, खाकरला, झुलीखाला बाजूला बोलावलं. ती हाताचा रवा झटकत लिंबाच्या झाडाखाली आली. त्याने सगळं सांगितलं. पांढरा कागद, महिना, तब्येत, राजीनामा. काहीही गाळलं नाही, कारण गाळायचं कसं हे त्याला आलं नसतं.

"तू काय म्हणालास?" झुलीखाने विचारलं.

"मी म्हणालो, हिला कोण समजावणार."

"चांगलं म्हणालास."

"झुलीखा, भाऊ आहे तो माझा. तू नको म्हणालीस तर मी नको म्हणेन. पण मोठ्याने म्हणायला सांगू नकोस."

ती हसली. वीस वर्षं तिने हा माणूस निभावला होता आणि त्याच्यावर तिचा जीवही होता. पण हसू संपल्यावर तिचा चेहरा कसा झाला ते त्याने पाहिलं, आणि तो खाली बघायला लागला.

ती उभी कशासाठी राहिली होती, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. गावातलं प्रसूतिगृह दोन हिवाळ्यांमागे बंद केलं, तात्पुरतं म्हणून. तेव्हापासून कळा सुरू झाल्या की बाईला घाट ओलांडून जिल्ह्याच्या इस्पितळात न्यायचं. अल्जियाची थोरली लेक नवाल हिला नेलं त्या दिवशी घाटात बर्फ होतं. झुलीखा गाडीत तिच्यासोबत होती. मूल झालं, रडलंही, पण इस्पितळाचं फाटक दिसेपर्यंत टिकलं नाही. लाईद त्या दिवशी इस्पितळाच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला होता. पक्षाने विचारलं तेव्हा झुलीखाने एकच गोष्ट मनाशी धरली होती, ते दार उघडायचं. बाकी राजकारणातलं तिला फारसं कळत नव्हतं, आणि जे कळत होतं ते आवडत नव्हतं.

"त्यांना सांग, पांढरा कागद चालेल," ती राबहला म्हणाली.

"चालेल?"

"आत्ता चालेल म्हण."

ती परातीशी परत येऊन बसली आणि पोस्टरची हकिगत सगळ्यांना ऐकवली. अंगण एवढं हसलं की कबुतरं उडाली.

"नुसता रुमाल?" शेजारची एक म्हणाली. "मग मी पण उभी आहे. तसला रुमाल माझ्याकडे पण आहे."

"तोंड काढायला जमलं नसेल," हाज्जा यमीना म्हणाली. "माझ्या लाईदला लहानपणापासून चित्रकला येत नाही."

अल्जिया हसली नाही. हसणार होती, पण नवऱ्याची बाजू सोडायची की नाही हे ठरलं नव्हतं.

आतल्या खोलीत राबहचं "चालेल म्हणाली" ऐकून लाईदने सुटकेचा श्वास सोडला. सी बुजमाने उरलेल्या मकरूटांपैकी मोठा निवडला. आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

नाव बघून सी बुजमा उभा राहिला. राजधानीचा फोन आला की तो उभा राहायचा, मग तो अंघोळीत असो की जनाज्यात. "जी," तो म्हणाला. "जी. जी, पण बाकीच्या पक्षांनीही... जी." मकरूट त्याच्या हातात तसाच राहिला आणि मध त्याच्या मनगटावर ओघळला. फोन ठेवून तो खाली बसला.

"काय झालं?" लाईदने विचारलं.

"निवडणूक मंडळ चिडलंय. ज्या यादीत बाईचा चेहरा नाही ती अख्खी यादी बाद. उद्या दुपारपर्यंत चेहऱ्यासकट छापून भिंतीवर लावा, नाहीतर घरी बसा."

"अख्खी? म्हणजे मी पण?"

"तू, ठेकेदार, सगळे."

"मग छापा की. अर्जाला तिने फोटो लावला असेल."

"तो कचेरीत जमा. आता परत मिळत नाही."

लाईद राबहकडे वळला. "तुझ्या फोनमध्ये असतील ना?"

"आहेत," राबह म्हणाला. "पण तिला विचारल्याशिवाय मी तिचा कंगवासुद्धा हलवत नाही."

मोठ्याने म्हटलेलं नव्हतं, पण म्हटलेलं होतं. लाईदने धाकट्या भावाकडे नव्याने पाहिलं, मग उठला, सदरा सारखा केला आणि अंगणाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. स्वतःच्या घरात बायकांच्या एवढ्या डोळ्यांसमोर उभं राहायची त्याला सवय नव्हती. त्याच्या मागे, दाराच्या आड, सी बुजमा स्वतःच्या बुटांकडे बघत थांबला.

"झुलीखा," लाईद म्हणाला, "जरा फोटो हवा होता तुझा."

"कशाला, सी लाईद?"

"पोस्टरसाठी."

झुलीखाने तळवा गोल फिरवत ठेवला. "भिंतीवर लावणार? येणारे-जाणारे बघतील की. पोरं मिशा काढतील. म्हातारे थुंकतील. नको, मला लाज वाटते."

परातींवर माना खाली गेल्या. कुणी तोंडात रुमालाचं टोक कोंबलं, कुणी बाही.

"अगं, तुलाच हवा होता ना फोटो?"

"हवा होता. तुम्ही समजावलंत, मला पटलं. थोरल्या दिराचं ऐकायला हवं."

"बघ की," हाज्जा यमीना म्हणाली, "किती छान समजावलंस तू, बाळा. माझ्या पोटचा, पण मला माहीत नव्हतं तुला इतकं बोलता येतं."

लाईदच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "आई, यादी बाद होईल."

"अरेरे," हाज्जा म्हणाली. "पाणी शिंपड गं कुणीतरी, रवा सुकतोय."

लाईदने आवाज खाली आणला. "काय हवंय तुला, झुलीखा?"

तेव्हा ती उठली. हात धुतले, पुसले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "महिन्याने माझी तब्येत बिघडणार आहे असं कळलं. मला ठणठणीत राहायचंय. जागा आली तर ती माझी, शेवटच्या दिवसापर्यंत. हे तुम्ही इथे, सगळ्यांसमोर, या अन्नावर हात ठेवून सांगायचं."

आता हे आमच्याकडचं कुणालाही विचारा. कोर्टात खोटं बोलणारी माणसं आहेत, मशिदीच्या पायरीवर बोलणारीही आहेत. पण कुसकुसाला आम्ही देणगी म्हणतो, देवाने दिलेली, आणि त्यात हात घालून खोटं बोललेला माणूस मला तरी भेटलेला नाही. शिवाय हा काही कुठलाही कुसकुस नव्हता.

"शपथ?" लाईद म्हणाला. "मी काय चोर आहे?"

"नाही. तुम्ही दोन नंबरला आहात."

लाईदने बायकोकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात असं पाहिलं की अल्जिया मध्ये पडायची, काहीतरी बोलून विषय उडवायची, डोकं दुखतंय म्हणायची. त्याला आता तेवढंच हवं होतं. अल्जियाने ते ओळखलं. तिने बाल्कनी पाहिली, खुर्ची पाहिली, समुद्र पाहिला. आणि मग तिची नजर पलीकडच्या परातीकडे गेली. तिथे नवाल बसली होती, थोरली लेक, सकाळपासून एक शब्द न बोलता रवा वळत. एवढा विनोद चालला होता आणि तिने मान वर केली नव्हती.

अल्जिया उठली आणि मधली परात दोन्ही हातांनी ओढून नवऱ्याच्या पायाशी आणून ठेवली.

"हात धुऊन ये," ती म्हणाली.

"अल्जिया."

"धुऊन ये. आणि खोटं बोलायचं असेल तर आत्ताच सांग, मी दुसरा रवा मागवते. माझ्या लेकीच्या लग्नात लोकांना मी हा वाढणार आहे."

लाईद हात धुऊन आला. उकिडवा बसला, मनगटापर्यंत हात कुसकुसात घातला.

"जागा आली तर ती झुलीखाची," तो म्हणाला. "मी मागणार नाही, कुणाकडून मागवणार नाही, इन्शाअल्ला."

अंगणातून एकदम आवाज उठला.

"देवाची मर्जी नंतर विचारू," हाज्जा यमीना म्हणाली. "आधी तुझी सांग. इन्शाअल्ला म्हणून तू लहानपणी माझी भांडी घासणार होतास. एकदाही घासली नाहीस."

"सवय आहे जिभेला, आई."

"म्हणून तर म्हणते. वल्ला म्हण, देवाशपथ."

लाईदने पुन्हा सुरुवात केली. आणि बोलता बोलता त्याचीही नजर नवालवर गेली. तिने आता मान वर केली होती. ती रागावलेली नव्हती, नुसती बापाकडे बघत होती, जसं बस येते की नाही बघावं तसं. लाईदने मोकळ्या हाताने डोळे पुसले. त्याला इस्पितळाची पायरी आठवली असावी. आम्ही तरी तसंच समजलो.

"वल्ला," तो म्हणाला. "जागा तिची. मी मध्ये येणार नाही."

बायकांनी जिभा हलवून जी लांब किलकारी काढली ती चौकातल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचली. त्यांना वाटलं, वरात आजच निघाली की काय.

"झालं," दाराआडून सी बुजमा म्हणाला. "आता फोटो."

"तुम्ही राहिलात," झुलीखा म्हणाली.

"मी परका माणूस."

"बशी रिकामी केलीत, परके कसे? या इकडे."

सी बुजमा उंबऱ्यावर आला. नजर खाली, टोपी हातात. झुलीखाने परात त्याच्याकडे सरकवली.

"तुमच्याकडून जागा नको. एवढंच सांगा की सभागृहात मी प्रसूतिगृहाचं बोलायला उभी राहिले तर पक्ष मला बोलू देईल."

खरं तर सी बुजमाला हे सोपं होतं. या मोसमात त्याने रस्ते दिले होते, पूल दिले होते, एका गावाला तर रेल्वे दिली होती. तोंड उघडलं की वचन बाहेर पडायचं. पण त्याची आई जमिनीवर भाकरीचा तुकडा पडला तर उचलून कपाळाला लावायची, आणि समोर परातभर कुसकुस होता, त्यात लाईदच्या पंज्याचा खड्डा अजून तसाच. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"ही शपथ मला घेता येणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"खोटी होईल."



"तिथे कोण बोलणार ते गटनेता ठरवतो," सी बुजमा म्हणाला. "गटनेत्याला वरून सांगतात. वरच्यांना कोण सांगतं ते मला माहीत नाही. हात वर करा म्हणाले की करायचा. मी स्वतः एकदा खासदार होतो, तुम्हाला आठवत नसेल."

"नाही आठवत," हाज्जा यमीना म्हणाली.

"तेच. पाच वर्षांत मी एकदा बोललो. आमच्या गावच्या पाण्याबद्दल. त्यानंतर दोन निवडणुका मला तिकीट नव्हतं." त्याने टोपी फिरवली. "मग मी शहाणा झालो."

झुलीखाला त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. इतका वेळ ती दिराशी लढत होती. दीर निदान माणूस होता, परातीत हात घालून रडवेला होणारा. त्याच्या मागे जे होतं त्याला हात नव्हता, की जो कशात घालता येईल. घरातली जागा तिने जिंकली होती आणि ती तिथे जाऊन गप्प बसायची जागा होती.

"आज सकाळपासून तुम्ही बोललात त्यातलं हे पहिलं खरं," ती म्हणाली. "फोटो उद्या मिळेल. मी स्वतः छापखान्यात पाठवते."

"आत्ता का नाही?"

"आत्ता तोंडावर रवा आहे."

"नुसता चेहरा हवा," सी बुजमा म्हणाला. "घोषणा वगैरे काही लिहू नका. घोषणा राजधानीतून येते, तिच्यातलं अक्षर बदलता येत नाही."

"घोषणा त्यांची," झुलीखा म्हणाली. "चेहरा माझा. समजलं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन जावा दवाखान्याच्या मागच्या बाजूला गेल्या. फोन अल्जियाचा होता, घरातला सगळ्यात महागाचा.

"माझी बाल्कनी गेली तुझ्यामुळे," अल्जिया वाटेत म्हणाली.

"आधी मिळू तर दे. मिळाली की तू ये, तू बस. मला कुठे वेळ आहे बसायला?"

"खुर्ची मी निवडणार."

"निवड."

प्रसूतिगृहाच्या दाराला साखळी होती आणि साखळीला मुठीएवढं कुलूप. झुलीखाने पांढरा कोट घातला होता, रुमाल नीट बांधला होता. ती दाराशी वाकली आणि कुलूप उचलून गालाला लावलं, डोळ्याच्या कडेपासून हनुवटीपर्यंत.

"हे काय करतेस?" अल्जिया म्हणाली.

"चेहरा देतेय. जवळ ये. अजून जवळ. नुसतं तोंड आणि कुलूप. मध्ये कात्री जाईल एवढी फट ठेवू नकोस."

अल्जियाला समजायला क्षणभर लागला. मग ती इतकी हसली की पहिले दोन फोटो हलले.

"गार आहे का गं?"

"काढ लवकर."

फोटो छापखान्यात पोचला तेव्हा मुदत संपायला इतका थोडा वेळ होता की तिथल्या माणसाने तो मोठा करून बघितलासुद्धा नाही. रुमालाच्या आतल्या पांढऱ्या कागदावर बसवला आणि यंत्र चालू केलं. दुपारी ऐन तुफाहाच्या भिंतींवर ठेकेदार होता, लाईद होता, आणि तिसऱ्या चौकटीत एक बाई सरळ समोर बघत होती, गालाला कुलूप लावून. खाली पक्षाची घोषणा होती, ती कुणी वाचली नाही. कुठलं कुलूप, हे कुणाला विचारावं लागलं नाही. चौकातला एक म्हातारा मुद्दाम दुकानात गेला आणि लाईदला म्हणाला, "तुझ्याकडचंच का रे?"

"माझ्याकडचंच," लाईद म्हणाला. "सरकारने नेलं होतं. पैसे अजून दिलेले नाहीत."

सी बुजमाचा फोन आला तेव्हा झुलीखा दवाखान्यात होती.

"हे काय छापलंय?"

"चेहरा. तुम्हीच मागितला."

"चेहऱ्याला कुलूप चिकटलंय, बाई. राजधानीतून विचारतायत."

"कापून टाका."

"कापलं तर गाल जातो," सी बुजमा म्हणाला.

"आणि गाल गेला तर?"

"यादी जाते." मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "पाण्याच्या वेळी मला हे सुचायला हवं होतं." आणि त्याने फोन ठेवला.

त्याच दिवशी खालच्या गल्लीतल्या एका पोरीला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, विशीतली, आणि तिला स्वतःला झुलीखानेच या जगात आणलेलं. गाडी आली. झुलीखा तिच्याबरोबर मागे बसली, तिचा हात हातात घेतला. घाटाच्या रस्त्याला लागेपर्यंत दोन्ही बाजूंना भिंती होत्या आणि भिंतींवर पोस्टरं, एकामागून एक. पोरगी कण्हता कण्हता बाहेर बघत होती.

"ती तुम्हीच ना?" तिने विचारलं.

"मीच."

"मग ते कधी उघडणार?"

झुलीखाने तोंड उघडलं. मग नुसता तिचा हात आणखी घट्ट धरला. शेवटचं पोस्टर मागे गेलं, गाडी चढाला लागली, आणि पोरगी तिच्याकडे बघत राहिली, उत्तराची वाट बघत.